धडकेनंतर धरलेली मान दर थिनिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करताना, पुन्हा का धरते?

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. पिंपळगाव बसवंतला माल देऊन मखमलाबादला परत येत होतो. पिकअपमध्ये आम्ही तिघं, मी मधल्या सीटवर. आडगाव नाक्याच्या अलीकडे गर्दीत गाडी थांबली आणि मागून एका टेम्पोनं ठोकलं. फार जोरात नाही. फाळका वाकला, चार रिकामे क्रेट रस्त्यावर सांडले. खाली उतरलो, वाद घातला, चहा घेतला, घरी आलो. आईला सांगितलं, मला काही झालेलं नाही. रात्री जेवलोही व्यवस्थित.

पहाटे उठायला गेलो तर डोकं उशीवरून उचलेना. एक हात डोक्याखाली घालून ते उचललं, दुसऱ्या हाताने पलंगाची कड धरली, तेव्हा कुठे बसता आलं.

ते दुखणं तीन महिन्यांत गेलं. नोव्हेंबरात परत आलं. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा. मधल्या काळात मानेचा पट्टा, एक्स-रे, एमआरआय, शेक, गोळ्या, निर्गुडीचा पाला, एका नातेवाइकाने सांगितलेलं तेल, सगळं झालं. जे उपयोगी पडलं ते यातलं फारसं काही नव्हतं. ज्यांची मान अपघातानंतर बरी होते आणि पुन्हा धरते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांचा अपघात आज-कालच झाला आहे त्यांनी आधी पुढचा भाग वाचावा.

मार ताजा असेल तर

ताजा मार असताना मान फिरवून बघू नका, कुणाला फिरवू देऊ नका. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, ट्रॅक्टरवरून किंवा तीन फूट किंवा त्याहून जास्त उंचीवरून पडला असाल, गाडी उलटली असेल, किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर आधी तपासणी आणि फोटो. यातलं काही नसेल तरी मानेच्या मधोमध हाडावर बोट ठेवल्यावर कळ येते का, आणि मान दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत वळते का, हे डॉक्टरला बघू द्या. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागेल की नाही हे त्यावरून ठरवायची पद्धत आहे. दुचाकीवरून कुणी पडलं तर चौघांनी हातपाय धरून उचलणं आणि हेल्मेट खेचून काढणं, या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास होतात. माणूस श्वास नीट घेत असेल तर आहे तसा राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ लावा. खर्चाची धास्ती असेल तर हेही माहीत असू द्या: मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, नेमलेल्या रुग्णालयांत रस्ता अपघातानंतरचे ७ दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात.

जुन्या दुखण्यातही काही लक्षणं दिसली तर घरचे उपाय थांबवायचे. हाताची पकड ढिली होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकणं, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा कमी होणं, मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं वाटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा वजन घटणं. यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

झालं काय होतं

मला वाटायचं, डोकं आधी मागे आणि मग पुढे झटकलं गेलं, एवढंच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं ते वेगळं होतं. मागून धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जिथल्या तिथे राहायला बघतं. त्यामुळे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मान इंग्रजी एस अक्षरासारखी होते. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. मानेत सात मणके, आणि त्यांच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान सांधे असतात. ताण बसतो तो या सांध्यांच्या आवरणांवर आणि आजूबाजूच्या स्नायूंवर. त्यातलं बहुतेक काही एक्स-रेत दिसत नाही. सूज यायला काही तास लागतात, म्हणून त्या संध्याकाळी मी चहा पीत होतो आणि सकाळी डोकं उचलत नव्हतं.

पिकअपच्या मधल्या सीटला डोक्यामागे आधार नव्हता. कडेला बसलेले दोघं आठवड्यात मोकळे झाले. यावरून फार निष्कर्ष काढू नये, पण तेव्हापासून मी मधे बसत नाही.

पट्टा

माझी पहिली मोठी चूक. पट्टा दोन-चार दिवसांसाठी म्हणून आणला आणि पाच आठवडे घातला. बरं वाटायचं, लोक विचारपूस करायचे, आणि पट्टा काढला की मान बाहुलीच्या मानेसारखी लटपटायची. मग पुन्हा पट्टा. हाड मोडलेलं नसेल, नसेला धोका नसेल, तर मऊ पट्टा जास्त दिवस घालून मान लवकर बरी होत नाही. उलट स्नायू सुस्तावतात, हालचाल कमी होते आणि हालवायची भीती वाढते. हल्लीचा सल्ला असा की दुखणं सोसवेल इतपत पहिल्या दिवसांपासून मान हलवत राहायची आणि रोजची कामं हळूहळू सुरू करायची. मला हे कुणी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

रिपोर्टमधले शब्द

एक्स-रेच्या रिपोर्टवर लिहून आलं: लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस. म्हणजे मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे. घरात सगळे गंभीर. हा शेरा स्नायू आखडल्यामुळे येतो, फोटो काढताना हनुवटी कशी ठेवली यावरूनही येतो, आणि ज्यांची मान कधीच दुखलेली नाही अशांच्या फोटोतही असतो. एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली दिसली. लगेच 'मणक्यात गॅप आला' असं गावभर झालं. (गॅप तर असायलाच हवा, तिथे गादी असते. आपल्याकडे गॅप कमी झाला की गॅप आला म्हणतात.) जपानमध्ये मानेची कुठलीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ८७.६ टक्के जणांत गादी फुगलेली दिसली. तेव्हा रिपोर्टमध्ये काही निघालं म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं असं होत नाही. हातात कळ उतरत असेल, बधिरपणा असेल आणि तो रिपोर्टमधल्याच नसेशी जुळत असेल, तर गोष्ट वेगळी.

वही

दुसऱ्या नोव्हेंबरात मान धरली तेव्हा मी वैतागून फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वयानं माझ्या पुतणीएवढी. तिनं रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, दुखायला कधी सुरू होतं? सकाळी, दुपारी, का दुसऱ्या दिवशी?" मी म्हटलं, दिवसभर. ती म्हणाली, "दिवसभर कुणाचंच दुखत नाही. पंधरा दिवस लिहून आणा."

आपण द्राक्षबागेत हेच करतो. शेवटच्या ओळीला पाणी पोचलं नाही तर ड्रिपर (वेलापाशी थेंब थेंब पाणी सोडणारं टोक) बदलत बसत नाही. आधी फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग सबमेन, म्हणजे ओळींना पाणी देणारा पाइप, कुठे गळतेय ते बघतो. मानेच्या बाबतीत मात्र थेट ड्रिपर बदलायला निघालो होतो.

वहीतलं एक पान:

"मंगळ. सकाळी ६, उजवीकडे वळत नाही. काल रात्री दोन उशांवर मोबाइल, बाजारभाव. ९ ला बरी. दुपारी १२ पासून मागे जड, डोळ्यावर दुखतं. मंडपात (द्राक्षवेलींखाली) होतो. बुध. काही नाही, निफाडला लग्न. गुरु. सकाळपासून दोन्ही खांदे. काल काहीच केलं नाही तरी?? (परवा फवारणीचा पंप.)"

पंधरा दिवसांत तीन वेगवेगळी दुखणी निघाली. मी त्यांना एकच समजत होतो.

सकाळचं दुखणं

उठल्या उठल्या दुखतं आणि अंघोळीपर्यंत मोकळं होतं, त्याचं कारण बहुधा रात्रीत सापडतं. दोन उशांवर डोकं ठेवून मोबाइल बघत झोप लागली की मान तासन्‌तास पुढे दुमडलेली राहते. कुशीवर झोपणाऱ्यानं खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल एवढी एकच उशी घ्यावी, उताणं झोपणाऱ्यानं त्याहून पातळ. पालथं झोपायची सवय मोडायला मला महिना लागला. महागडी उशी घेतली नाही, जुन्या उशीतला थोडा कापूस काढून उसवलेली बाजू शिवली.

थंडी आमच्याकडे वेगळं प्रकरण आहे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांत पहाटे बागेत शेकोट्या, पहाटेच ड्रिप सुरू. आखडलेल्या अंगानं, टॉर्च घेऊन, मान खाली घालून ओळी फिरायच्या. त्या दिवसांत निघण्याआधी गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं आणि मानेभोवती मफलर. निर्गुडीच्या पाल्याचा शेकही चालतो. त्यातला गुण पाल्याचा किती आणि उष्णतेचा किती, या वादात मी पडत नाही, आई घरात आहे.

मंडपातलं दुखणं

हे माझं खरं दुखणं होतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) साधारण दीड महिन्यात घड विरळ करायची वेळ येते. मंडपाच्या बागेत घड डोक्याच्या वर लटकतात. एक हात घडाला, एका हातात कात्री, नजर वर, आणि असे सात-आठ तास. मग जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या) द्रावणात घड बुडवायचे, तेही वरच. मान मागे टाकली की मागचे ते छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात, आणि माझा मार नेमका तिथलाच. बरे झालेले असले तरी वर्षभर जो भार त्यांनी पाहिलेला नाही तो एका दिवसात आठ तास. धरणार नाही तर काय?

फिजिओ बाईंना द्राक्षातलं काही कळत नव्हतं. त्यांनी मला दवाखान्याच्या ट्यूबलाइटकडे बघायला सांगितलं. मी हनुवटी उचलून सगळा बाक मानेतून घेतला. त्या म्हणाल्या, आता एका पायरीवर चढून बघा. वाकणं निम्म्यानं कमी झालं. एवढंच. त्या पायरीइतक्या उंचीचं, आठ-नऊ इंचांचं लोखंडी स्टूल आमच्याच वेल्डरकडून करून घेतलं, खाली चार रुंद पट्ट्या, म्हणजे ओल्या जमिनीत रुतत नाही. घड छातीच्या आणि डोळ्यांच्या मधे आला की मान जवळपास सरळ राहते. वाय पद्धतीच्या बागेत (इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर वेल चढवतात तिथे) घड मुळातच खाली असतात, तिथे हा त्रास मला कधी झालेला नाही.

दुसरा बदल वेळेचा. वीस मिनिटं वरचं काम, मग पाच मिनिटं काहीतरी खालचं: क्रेट लावणं, कात्री धुणं, द्रावण ढवळणं. सुरुवातीला मजूर हसले. तिसरा बदल म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस करायचा नाही. पहिले दोन दिवस दोन-दोन तास, मग वाढवत न्यायचं.

डोळ्याच्या वर येणारं दुखणंही इथलंच होतं. मानेच्या सगळ्यात वरच्या सांध्यांचं दुखणं डोक्याच्या मागून सुरू होऊन कपाळापर्यंत, डोळ्यामागे जाणवतं. मी मात्र वर्षभर चष्म्याचा नंबर तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी उगवणारं दुखणं

सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर सोळा किलोंच्या वर वजन, पट्टे खांद्यांवर. आज काही वाटत नाही, उद्या-परवा खांदे आणि मान भरून येते. हे नवीन नुकसान नाही. कमकुवत स्नायूंना जास्त भार दिल्याचा तो हिशेब. अशा दुखण्याला घाबरून पंप कायमचा सोडला असता तर पुढच्या वेळी निम्म्या पंपानेही तेच झालं असतं. मी आठ लिटर भरून सुरुवात केली. काम करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बसलं, तर तेवढा भार चालतो. त्याहून जास्त वाढलं किंवा दुसऱ्या दिवशी तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी कमी.

व्यायाम

दवाखान्यात मला उताणं झोपवून मानेखाली हवेची एक छोटी पिशवी ठेवली, तिला बीपीच्या मशीनसारखं घड्याळ. काटा २० वर. आता हलकेच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्या आणि काटा २२ वर दहा सेकंद धरा. जमलं. मग २४. तिथे काटा थरथरायला लागला आणि माझा जबडा आवळला गेला. जायचं होतं ३० पर्यंत. क्रेट उचलणारा माणूस मी, आणि मानेच्या आतल्या बाजूचे स्नायू दहा सेकंद टिकत नव्हते. मार बसल्यानंतर हे आतले स्नायू ढेपाळतात आणि बाहेरचे, कानामागून गळ्याकडे येणारे जाड स्नायू त्यांचं काम अंगावर घेतात. म्हणून मान सतत ताठ.

घरी पिशवी लागत नाही. पातळ टॉवेलची घडी मानेखाली, हनुवटी आत, मान उचलायची नाही, जबडा सैल, दात एकमेकांना टेकलेले नकोत. पाच सेकंदांपासून दहापर्यंत, दहा वेळा. मग बसून मान डावीकडे-उजवीकडे जाईल तिथपर्यंत, ओढून नाही. मग तळहात कपाळाला, डोक्यामागे आणि दोन्ही कानशिलांना लावून हलका दाब, मान न हलवता. शेवटी खांद्यांची पाती मागे-खाली ओढून धरणं, हे मी दोरीवर कपडे वाळत घालतानाही करतो. सगळं मिळून बारा मिनिटं. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. सहाव्या आठवड्यात पिकअप मागे घेताना मी मान वळवून बघितलं, आरशात नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

गोळ्या आणि सलून

पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांनी दिलेली दाहशामक गोळी पहिल्या दिवसांत घेतली तर हालचाल करता येते, तिचं काम तेवढंच. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दाहशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे आमच्या आळीत बरेच आहेत. बीपी, किडनी, पोटातला अल्सर असणाऱ्यांसाठी ते धोक्याचं आहे. स्नायू सैल करणाऱ्या गोळीनं झोप येते, ती घेऊन ट्रॅक्टरवर बसू नका.

सलूनबद्दल मात्र मी कडक बोलतो. दाढी झाली, डोक्याची मालिश झाली आणि शेवटी दोन्ही हातांनी डोकं धरून कडकन मान मोडली, आहाहा वाटतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. असा झटका बसला तर क्वचित धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि अर्धांगवायू होऊ शकतो. तरुण माणसांनाही. मार खाल्लेल्या मानेनं तर हा जुगार खेळूच नये. मानेत कधी नव्हे अशी कळ, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं, असं झालं तर रुग्णालय, लगेच. मी आता खुर्चीत बसतानाच सांगतो, "भाऊ, मालिश कर, मान सोड."

गाडीत डोक्यामागच्या आधाराचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाला आला पाहिजे, आणि डोकं त्याच्या जवळ. बहुतेक गाड्यांत तो सगळ्यात खालच्या खाचेत असतो, शोरूममधून निघाला तेव्हापासून. दाबून वर करायला दोन सेकंद लागतात.

एक गोष्ट वहीत लिहिली नव्हती, ती बायकोनं सांगितली. धडकेनंतर वर्षभर मी गाडी थांबली की खांदे कानांपर्यंत उचलून मागच्या आरशात बघत बसायचो. झोपही तुटक होती. फिजिओ बाई म्हणाल्या, अपघाताची धास्ती आणि अपुरी झोप दुखणं लांबवतात, आणि त्यांनी हे बोलून दाखवल्यावर मला थोडं रडू आलं. त्यावर वेगळं औषध घेतलं नाही. गाडी थांबली की श्वास सोडताना खांदे खाली टाकायचे, एवढंच करत राहिलो.

यंदा थिनिंगला चौथ्या दिवशी मान पुन्हा जड झाली. वही काढली. उशी एक, पंप नाही, थंडी नाही. मग आठवलं, दोन दिवस स्टूल सापडत नव्हतं म्हणून मी जमिनीवरूनच काम करत होतो. शोधत गेलो तर पलीकडच्या ओळीत बायको त्याच्यावर उभी. म्हटलं, अगं ते माझ्या मानेसाठी केलंय. तिनं कात्री न थांबवता वरूनच विचारलं, "अहो, मग माझी काय लोखंडाची आहे?" तिच्यामागे पेठ तालुक्याकडून कामाला आलेल्या सहा बायका होत्या, तिच्याहून बुटक्या, सगळ्यांच्या माना आकाशाकडे. संध्याकाळी वेल्डरला आणखी सात स्टुलं सांगून आलो.